हिशेब करून पत्करलेली वाट

संक्रांतीच्या गडबडीत १४ जानेवारी हा रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्मदिवस असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. १८८२ साली जन्मलेले रघुनाथराव महर्षी धोंडो कर्वे यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. घराण्याला नाव होते, महिन्याला पगार होता. निवृत्तीपर्यंत निवांत जगायला आणखी काय लागते?

पण ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई बाळंतपणात गेली होती. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ज्या विषयावर नवरा-बायकोही आपसात बोलत नसत, त्यावर ते चारचौघांत बोलू लागले. कॉलेजला ते रुचले नाही. प्रचार आवरा, नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

अशा निर्णयाला आपल्याकडे चटकन ‘वेडे धाडस’ म्हणतात. गणिताच्या प्राध्यापकाने पुढचा हिशेब केला नसेल, हे आम्हाला पटत नाही. पैशांची ओढाताण होणार, लोक नावे ठेवणार, हे त्यांना स्वच्छ दिसत असणार. पत्नी मालतीबाईंनाही दिसत असणार. संसार दोघांचा होता, तेव्हा या धाडसाचा निम्मा भार त्यांनी उचलला, हे सांगायचे राहून जाऊ नये.

नोकरी सोडणे एका दिवसाचे काम. खरा कस लागला तो पुढे. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले आणि दर महिन्याला तोच निर्णय नव्याने घ्यावा लागला. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात दंड झाला. १९३४ मध्ये, वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून, पुन्हा खटला. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही निकाल विरुद्ध गेला, २०० रुपये दंड झाला. भाषा जरा मवाळ करा, काही वर्षे थांबा, असा सल्ला देणारे हितचिंतक अशा वेळी कमी नसतात. मासिक मात्र १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालले. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९५२ मध्ये, कुटुंबनियोजन हे भारत सरकारचे अधिकृत धोरण झाले होते. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला हयातीत असा कोणताही सन्मान आला नाही.

सगळ्यांनीच नोकऱ्या सोडाव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या पगारावर घरातली पाच माणसे जेवतात, त्याला उपदेश करणे सोपे आणि निर्दय आहे. पण जिथे फारसे काही गमवावे लागत नाही, तिथेही आपण गप्प राहतो, याची टोचणी लागते. २००७ मध्ये याच महाराष्ट्रात शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विरोधापुढे गुंडाळला गेला. आजही दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देणारे शिक्षक आहेत. तो धडा सरकारने छापलेल्या पुस्तकात आहे, त्यावर परीक्षेत प्रश्न येतो, तो शिकवल्याबद्दल कोणी कोर्टात खेचणार नाही. समोरच्या मुलामुलींना त्या वयात खरी माहिती देणारे दुसरे विश्वासाचे माणूस बहुधा नसते. या वर्षी तो धडा वर्गात, मोठ्याने, पूर्ण शिकवा.