वाकणारी बाजू

शिलाँगच्या पोस्टिंगमध्ये एका वयस्कर खासी गृहस्थांकडे बांबूचं धनुष्य करायला शिकलो. तिकडे आदराने 'बाह' म्हणतात. धनुष्य साधारण पाच फुटांचं; दोरीसुद्धा बांबूचीच. १८२९ ते १८३३ या काळात तिरोत सिंग यांचे लोक अशीच धनुष्यं घेऊन कंपनीच्या बंदुकांसमोर उभे राहिले होते.

बांबू करवतीने कापायचा नाही, दाओने, म्हणजे तिकडच्या कोयत्याने, फोडायचा. फट तंतूंच्या वाटेने जाते. करवत तंतू तोडते. मग खरं काम. थोडं वाकवून बघायचं, तासायचं, पुन्हा वाकवायचं. माझ्या कांबेची एक बाजू जास्त वाकत होती. मी तिथेच सुरी लावली.

"साहेब, ती आधीच काम करतेय. ताठ आहे तिथलं तासा," बाह म्हणाले. मी आणखी दोन हात मारलेच. धनुष्य नेमकं तिथेच मोडलं.

तेव्हा माझ्या कंपनीतला एक हवालदार आठवला. कधीच नाही न म्हणणारा. म्हणून प्रत्येक जादा ड्यूटी त्याला, रजा रद्द करायची तर त्याचीच. त्याने मुदतीआधी डिस्चार्ज मागितला, तेव्हा मला नवल वाटलं होतं!

आपण अधिकारी ज्याला 'भरवशाचा माणूस' म्हणतो, त्यालाच झिजवतो. ताठ बसलेल्यांना हात लावत नाही, कारण त्यात कटकट असते. कंपनी कमांडर असाल तर आज ड्यूटी रोस्टर उघडा. सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव शोधा, आणि पुढचं काम दुसऱ्याला द्या.