या वाड्यांत राहिले कोण?

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलामुलींची पत्रे हा एके काळी घरोघरी मोठ्याने वाचून दाखविण्याचा विषय असे. आता पत्रांची जागा भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांनी घेतली आहे. क्षेमकुशल क्षणात कळते, ही सोय खरीच. परंतु पाहिलेल्या गोष्टीवर चार ओळी विचार करून लिहिण्याची सवय तिच्यापायी सुटत चालली आहे. सबब आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येने फ्रान्समधील तूर या शहराहून आपल्या आजीस लिहिलेले दहा पानी पत्र आम्हांस वाचावयास मिळाले, तेव्हा त्याचा परामर्श या सदरात घ्यावा असे वाटले.

पत्राचे निमित्त असे. कन्या तेथील विद्यापीठात शिकते. एका शनिवारी-रविवारी तिने तिघी मैत्रिणींसह भाड्याची मोटार करून ल्वार नदीकाठचे चार राजवाडे पाहिले आणि छायाचित्रे घरी धाडली. तीर्थरूपांस हा उद्योग रुचला नाही. कर्ज काढून मुलीस धाडावे आणि तिने वाडे पाहत हिंडावे, हा व्यवहार त्यांच्या हिशेबात बसेना. आजीने मात्र छायाचित्रे चष्मा लावून निरखली आणि नातीस एवढेच विचारले, ‘वाडे मोठे आहेत खरे, बाळ, पण यांत राहिले कोण?’ दहा पानी पत्र हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. प्रश्न आम्हांस इतका मार्मिक वाटला, की वडिलांच्या तक्रारीचा निकालही त्यातूनच लागतो असे आमचे मत झाले.

प्रथम स्थळाची ओळख करून देणे अवश्य आहे. ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. लांबी हजार किलोमीटरांहून किंचित अधिक. पंधराव्या व सोळाव्या शतकांत फ्रान्सच्या राजांचा मुक्काम पॅरिसपेक्षा या नदीच्या खोऱ्यातच अधिक असे, आणि राजा जेथे तेथे सरदार, मुत्सद्दी व खजिनदार. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे, आणि कित्येकांनी ऐपतीबाहेर, वाडे उठविले. येथील चुनखडीचा पांढरा दगड मऊ असल्यामुळे कोरीव कामास सोयीचा, आणि तो काढल्याने डोंगरात ज्या गुहा झाल्या त्यांत लोक आजही मद्याची पिंपे ठेवतात. या खोऱ्याचा मोठा पट्टा २००० साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घातला. फ्रेंच भाषेत किल्ला आणि वाडा या दोहोंस ‘शातो’ असा एकच शब्द आहे. आपल्याकडे किल्ला निराळा, वाडा निराळा. दोहोंच्या मधली म्हणून फार तर गढीचे नाव घेता येईल. ल्वारकाठी मात्र एकाच शतकात किल्ल्याचा वाडा होताना दिसतो: बुरूज उरले ते शोभेपुरते, आणि जंग्यांच्या जागी रुंद खिडक्या आल्या.

पहिला वाडा शनाँसो. हा ल्वारच्या शेर नामक उपनदीवर उभा आहे. काठावर नव्हे, अक्षरशः पात्रावर. तोमा बोइए नावाच्या राजाच्या खजिन्यावरील अधिकाऱ्याने १५१३ साली ही जागा घेतली. परंतु तो इटलीच्या मोहिमांत गुंतलेला, म्हणून बांधकामावर देखरेख केली ती त्याची पत्नी काथरीन ब्रिसोने हिने. दोघे वारल्यावर बोइएकडील सरकारी येणे निघाले आणि मुलास वाडा राजास देऊन टाकावा लागला. पुढे १५४७ साली राजा दुसरा आँरी याने तो आपली प्रिया दियान द प्वातिये हिला दिला. तिने नदीवर पूल बांधविला. १५५९ साली राजा मरण पावताच त्याची राणी कातरीन द मेदिसिस हिने दियानकडून तो परत घेतला, बदल्यात दुसरा वाडा दिला, आणि तिच्याच पुलावर साठ मीटर लांबीचे दालन चढविले. सवतीमत्सराचे असे दगडी स्मारक दुसरे क्वचितच सापडेल! कातरीनने मरताना वाडा दिला तो सुनेस, म्हणजे लुईझ द लोरेन हिला. तिसरा आँरी १५८९ साली मारेकऱ्याच्या हातून मेल्यावर ही विधवा राणी येथे येऊन राहिली. तेथील राण्यांच्या रीतीप्रमाणे तिने शुभ्र वस्त्रे धारण केली, आणि शयनगृह काळ्या रंगाने रंगविले. या दालनाविषयी लिहिताना नातीने आजीस उद्देशून एकच वाक्य लिहिले आहे: ‘येथे मी बराच वेळ उभी राहिले.’ आमच्या वाचकभगिनींस त्याहून अधिक सांगावयास नको.

परंतु शनाँसोची कथा येथे संपत नाही. अठराव्या शतकात तो मादाम द्यूपें या विदुषीकडे आला. पुढे जगविख्यात झालेला रूसो काही काळ तिचा चिटणीस होता. राज्यक्रांतीत कित्येक वाडे लुटले गेले, तरी हा वाचला. याची दोन कारणे सांगतात: गावात बाईविषयी आदर होता, आणि त्या टापूत नदी ओलांडण्यास वाड्याचा पूल हा एकच मार्ग होता. पहिल्या महायुद्धात मेनिये या चॉकलेटवाल्या कुटुंबाने नदीवरील दालनात स्वखर्चाने रुग्णालय चालविले. दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर तेथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात तर मौजच झाली. १९४० साली जर्मनव्याप्त प्रदेशाची सीमा शेर नदीवर पडली. वाड्याचे महाद्वार व्याप्त भागात, आणि दालनाचे पलीकडचे दार मुक्त भागात! सवतीमत्सरापायी उभारलेल्या त्या दालनातून अनेक जीव गुपचूप पैलतीरास पोहोचले.

शनिवारी दुपारी मंडळी आँब्वाझला गेली. येथे ल्वारवर उंच चढविलेला राजवाडा आहे. १४९८ साली आठवा शार्ल हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा राजा येथेच दाराच्या चौकटीवर डोके आपटून मेला. १५६० साली फसलेल्या बंडानंतर प्रॉटेस्टंट बंडखोरांची प्रेते याच सज्ज्यांवर टांगण्यात आली. लिओनार्दो दा विंची १५१६ साली पहिल्या फ्रान्स्वाच्या निमंत्रणावरून इटलीहून आला, तो वाड्याजवळच्या क्लो ल्यूसे नामक विटांच्या घरात राहिला आणि २ मे १५१९ रोजी तेथेच निवर्तला. त्याची समाधी वाड्यातील छोट्या प्रार्थनामंदिरात आहे. येणारे बहुतेक तेथे थबकतात. त्याच बागेतील दुसऱ्या थडग्यांकडे थोडेच वळतात. अल्जीरियाचा लढवय्या अमीर अब्द अल-कादर यास फ्रेंचांनी वचन देऊनही सोडले नाही. १८४८ ते १८५२ पर्यंत त्यास सहपरिवार या वाड्यात कैद करून ठेविले. परिवारातील कित्येक माणसे कैदेतच वारली व बागेत पुरली गेली. राजवाड्यात राहणारे सगळेच राजे नसतात, हे या मुलीस तेथे उमगले. परतंत्र राहिलेल्या देशातील मुलीस ते न उमगते तरच नवल.

रविवारी सकाळी ब्ल्वा. येथील चौकात उभे राहिले म्हणजे चहूबाजूंस चार काळांची बांधकामे एकदम दिसतात: तेराव्या शतकातील जुना दिवाणखाना, बाराव्या लुईचा विटांचा भाग, पहिल्या फ्रान्स्वाचा नक्षीदार जिना, आणि सतराव्या शतकात गास्ताँ या राजबंधूने बांधविलेली भारदस्त बाजू. गास्ताँचा बेत जुने सारे पाडून नवेच उठविण्याचा होता. परंतु १६३८ साली राजास पुत्र झाला, गास्ताँचा गादीवरील हक्क गेला, त्याबरोबर पैसा आटला आणि बांधकाम थांबले. पैसा पुरता असता तर तो सुंदर जिना आज दिसता ना! याच वाड्यात २३ डिसेंबर १५८८ रोजी तिसऱ्या आँरीने ड्यूक ऑफ गीझ यास बोलावून आणून ठार करविले. खालच्या मजल्यावर राजमाता कातरीन आजारी होती. ती पंधरवड्याच्या आत वारली. एका चौकात इतक्या पिढ्यांचे वैभव आणि वैर नांदलेले पाहून, एकत्र कुटुंबात वाढलेल्या या मुलीस तो वाडा सर्वांत ओळखीचा वाटला, असे ती लिहिते. यातील विनोद तिच्या काकामंडळींनी खेळीमेळीने घ्यावा.

शेवटी शाँबोर. येथे आजीच्या प्रश्नाची खरी धार लागते. १५१९ साली पहिल्या फ्रान्स्वाने हा शिकारीचा वाडा आरंभिला. चारशेंवर खोल्या, २८२ शेकोट्या, ७७ जिने, आणि भोवती सुमारे ३२ किलोमीटरांची भिंत. मध्यभागी दुहेरी वळणाचा जिना आहे: एकाने चढणारा व दुसऱ्याने उतरणारा एकमेकांस पाहू शकतात, पण वाटेत भेटत नाहीत. ही कल्पना लिओनार्दोची असावी असे पुष्कळांचे मत आहे. आणि एवढ्या वाड्यात राजा राहिला किती? बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत सारे दिवस जुळविले तरी अडीच महिने भरत नाहीत. राजा यावयाचा तेव्हा पलंग, गालिचे, भांडी, सारे गाड्यांवर घालून आणावयाचे. गेला की वाडा पुन्हा रिकामा. फ्रेंच भाषेत घरातील सामानास जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच ‘हलविता येणारे’ असा होतो. १६७० साली चौदाव्या लुईसमोर मोलिएरचे एक प्रसिद्ध प्रहसन येथे प्रथम रंगले. त्यात नवश्रीमंताच्या बडेजावाची थट्टा आहे, आणि स्थळ तिला साजेसेच म्हणावयाचे. हा वाडा उपयोगी पडला तो बांधल्यानंतर चारशे वर्षांनी: १९३९ च्या ऑगस्टअखेर युद्धाच्या भीतीने लूव्र संग्रहालयातील चित्रे येथे आणून ठेविली, आणि लिओनार्दोची मोनालिसाही काही काळ येथे सुरक्षित राहिली.

आता वडिलांच्या तक्रारीकडे वळू. खर्चाविषयी म्हणावे, तर फ्रान्समधील पुष्कळ सरकारी वास्तूंत, युरोपीय संघात रीतसर वास्तव्य करणाऱ्या २६ वर्षांखालील तरुणांस प्रवेशशुल्क पडत नाही. शाँबोर त्यांतीलच, शनाँसो खासगी मालकीचा असल्यामुळे तेथे तिकीट पडते. प्रश्न उरतो वेळेचा. नुसती छायाचित्रे काढीत चार वाडे धावत पाहिले असते, तर तीर्थरूपांची बाजू आम्ही आनंदाने घेतली असती. परंतु ज्या मुलीस वाड्याकडे पाहून हे कोणी बांधले, पैसा कोणाचा, देखरेख कोणी केली, कैदेत कोण होते आणि पुढे ते कोणाच्या कामी आले, एवढे विचारावयाचे सुचले, तिचे दोन दिवस अभ्यासातच गेले असे आम्ही समजतो. परदेशी असलेल्या विद्यार्थ्यांस आमचे सांगणे इतकेच: दिवसाला दोहोंपेक्षा अधिक वास्तू पाहू नयेत, जाण्यापूर्वी एक तरी पुस्तक वाचावे, आणि परतल्यावर घरी सविस्तर लिहावे.

घरच्या वडीलमाणसांसही एक सांगणे आहे. २०२५ च्या जुलैत पॅरिस येथेच भरलेल्या युनेस्कोच्या समितीने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. ही अभिमानाची गोष्ट होय. किल्ल्यांची काळजी आता जग वाहील. परंतु ज्या घरांत आपले पूर्वज राहिले त्यांस कोणती समिती मान देणार? या मुलीच्या घरचा जुना वाडा लवकरच पाडून तेथे सदनिकांची इमारत व्हावयाची आहे. त्याविषयी तिची कुरकुर नाही. जिने चढणे आजीस जड जाते, भिंतींस ओल आली आहे, भावाभावांस स्वतंत्र जागा हवी आहे, हे ती जाणते. तिचे मागणे एवढेच, की भिंती पडण्यापूर्वी कोणत्या खोलीत कोण जन्मले, कोण वारले, माजघरात कोणत्या विधवा आत्याबाईने तीस वर्षे काढली, माडीवर कोणता वार लावून जेवणारा विद्यार्थी राहून पुढे मोठा झाला, हे आजीच्या तोंडून ऐकून कोणीतरी लिहून ठेवावे.

शनाँसोच्या राण्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत, कारण ती कोणीतरी लिहून ठेविली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा वाडा किंवा त्याचा उरलेला सोपा असेल, आणि त्यातील माणसांची नावे सांगणारे एखादे वडीलधारे माणूसही असेल. दोहोंपैकी माणूस आधी जाते, हे ध्यानात धरून या सुटीत एक वही घ्यावी, आणि मुलांस त्यांच्यापाशी बसवावे.