युक्ती चांगली, पण किती?

घरगुती युक्त्यांचा आपल्याकडे कधीच तुटवडा नव्हता. पूर्वी त्या आजीकडून आईकडे येत, मासिकातल्या एखाद्या चौकटीत सापडत, दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला छापलेल्या असत. आता त्या रोज सकाळी फोनवर येऊन पडतात. चार्जर भिंतीवरून काढून ठेवा, वीज वाचेल. जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी द्या. वस्तू हप्त्याने घ्या, व्याज अवघे दहा टक्के. सांगणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो आणि पुष्कळदा युक्तीही खरी असते. तरीसुद्धा माझे असे मत आहे की, यांपैकी बहुतेक युक्त्या अर्ध्याच असतात. त्यांत ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर नसते.

विज्ञानाच्या तासाला ‘का?’ हा प्रश्न विचारावा, असे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ते योग्यच आहे. परंतु रोजच्या व्यवहारात ‘का?’चे उत्तर मिळाले तरी काम भागत नाही. एखादी गोष्ट खरी असूनही ती इतकी लहान असू शकते की तिच्यामागे लागण्यात अर्थ नसतो. आणि एखादी गोष्ट उपयोगी असूनही तिचे प्रमाण चुकले तर ती अपायकारक ठरते. हा फरक फक्त आकडा दाखवतो. तीन उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण विजेचे. फोन न लावता भिंतीवर नुसताच खोचून ठेवलेला चार्जर थोडी वीज खातो, हे खरे आहे. पण किती? आजचे चांगले चार्जर अशा वेळी अर्ध्या वॅटपेक्षाही कमी वीज घेतात. आपण अर्धा वॅटच धरू. महिन्याचे तास ७२०. म्हणजे महिनाभरात ३६० वॅट-तास, अर्थात ०.३६ युनिट. आता अंघोळीच्या पाण्याचा हिशेब करा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून १५ × ४.२ × २० = १२६० किलोज्यूल. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. तेव्हा या एका बादलीला ०.३५ युनिट वीज लागली. महिनाभर चार्जर काढून ठेवून जेवढी वीज वाचली, तेवढी एका अंघोळीत संपली!

फोन भरण्याचेही तसेच आहे. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरण्यास, मध्ये वाया जाणारी ऊर्जा धरूनही, साधारण २५ वॅट-तास पुरतात. म्हणजे वरच्या एका बादलीच्या विजेत फोन चौदा वेळा भरून होईल. अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी हा प्रश्न विचारतो, आणि दरवर्षी बहुसंख्य हात फोनच्या बाजूने वर होतात. फोन सतत डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्याचा खर्च मोठा वाटतो. गिझर भिंतीवर उंच, गुपचूप बसलेला असतो. चार्जर काढू नका असे मी म्हणत नाही. परंतु चार्जरवरून घरात वाद घालायचा आणि गिझर तासभर चालू ठेवायचा, याला बचत म्हणता येणार नाही.

हे आकडे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करू नका. विजेच्या मीटरवर एक लहान लाल दिवा उघडझाप करत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. घरातील मोठ्यांना सांगून बाकीची सर्व उपकरणे बंद करा, एकच चालू ठेवा आणि पाच मिनिटे दिवा मोजा. मीटर खाली जिन्याजवळ असेल तर एकाने वर थांबावे, एकाने खाली. मीटरला हात लावायचा नाही, नुसते पाहायचे. ७५ वॅटचा पंखा असेल तर मिनिटाला चार वेळा उघडझाप दिसेल. विजेची बचत करणारा ३० वॅटचा नवा पंखा असेल तर दोनपेक्षाही कमी. २००० वॅटचा गिझर लावला की हीच संख्या मिनिटाला शंभराच्या वर जाते. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला बचत कोठून सुरू करावी हे सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण पैशाचे. समजा, १२,००० रुपयांची वस्तू वर्षाच्या हप्त्यांनी घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, व्याज १० टक्के. म्हणजे १२०० रुपये. एकूण १३,२०० रुपये, महिन्याला ११०० रुपये. हिशेब सरळ दिसतो. पण आपण थांबून विचारू या की, १२,००० रुपये आपल्याकडे किती काळ होते? फक्त पहिला महिना. हप्त्यातील हजार रुपये मुद्दलापोटी जातात असे धरले तर दुसऱ्या महिन्यात ११,००० उरले, तिसऱ्यात १०,०००, आणि शेवटच्या महिन्यात अवघे १,०००. या बारा आकड्यांची सरासरी ६,५०० येते. म्हणजे वर्षभर सरासरी ६,५०० रुपये वापरण्याबद्दल आपण १२०० रुपये दिले. हा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. बँका वापरतात त्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनेही उत्तर जवळपास तेच येते. दुकानदार खोटे बोलला नाही. त्याने ‘फ्लॅट’ दर सांगितला. आपण मात्र त्याची तुलना बँकेच्या दराशी केली. सातवी-आठवीचे गणित येणाऱ्या मुलाने हा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी घरी करून दाखवला, तर त्या घराचे पैसे खरोखरच वाचतील.

तिसरे उदाहरण जिवाशी संबंधित आहे. जुलाब होणाऱ्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी द्यावे, ही विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राची एक मोठी देणगी आहे. १९७१ साली त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि त्यांच्यात कॉलरा पसरला. बनगाव येथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरावीक वजनाने पाकिटांत भरून घेतले आणि ते पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजले. लिटरभर पाण्याला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच ग्रॅम. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या उपायात सारे सामर्थ्य प्रमाणात आहे. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना मिठातील सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत शिरते. साखर फार झाली तर उलटे घडते; पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. म्हणून ‘थोडे मीठ, थोडी साखर’ ही युक्ती पुढे पाठवण्याच्या लायकीची नाही. पाठवायची असेल तर पूर्ण पाठवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. ओआरएसचे पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे, आणि एक लिटरसाठी असलेले पाकीट एक लिटरमध्येच, सगळे एकदम विरघळवावे. अर्धे पेल्यात, अर्धे उद्याला, असे नाही. मूल मलूल झाले किंवा पीत नसेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

यावर कोणी म्हणेल, आमच्या आजीने कधी काही मोजले नाही, तरी तिचे सारे उपाय लागू पडत होते. मला हे मान्य नाही. आजी मोजत होती. तिची चिमूट वर्षानुवर्षे तीच होती, तिची आमटीची पळी ठरलेली होती, भाताला पाणी किती हे ती बोटाच्या पेरावर पाहत होती. वैद्य तर गुंजेने आणि माशाने औषध तोलत. तिचे माप तिच्या हातात होते आणि ते पाहून सून शिकत होती. फोनवरून मात्र चिमटीचा नुसता शब्द येतो, हात येत नाही. म्हणूनच आज आकड्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. अभ्यासक्रम संपत नाही ही अडचण मी जाणतो. पण यासाठी वेगळा तास लागत नाही. उष्णतेच्या धड्यात तांब्याच्या गोळ्याऐवजी अंघोळीची बादली घ्या. सरासरीच्या धड्यात हप्ते घ्या. आणि वर्गात एक ‘युक्ती-वही’ ठेवा. तिच्यात चार रकाने असावेत: युक्ती, का, किती, आणि आम्ही काय मोजले. सुरुवातीला गॅसच्या सिलिंडरची युक्ती घेता येईल. सिलिंडरला ओले फडके फिरवले की वरचा भाग लवकर सुकतो आणि द्रवरूप गॅस जिथपर्यंत आहे तो भाग ओला राहतो. का, ते मुलांनी शोधावे. किती, हे मात्र काटाच सांगेल. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच लिहिलेले असते. घरगुती भरलेल्या सिलिंडरमध्ये त्याहून १४.२ किलो अधिक भरायला हवेत. सिलिंडर घरी येईल तेव्हा तो तोलून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या सकाळी फोनवर जी युक्ती येईल ती लगेच पुढे पाठवू नका, आणि लगेच हसण्यावारीही नेऊ नका. ती वहीत उतरवा आणि तिसरा रकाना भरण्याचा प्रयत्न करा. तो भरता आला तर युक्ती चारजणांना अवश्य सांगा, आकड्यासह.