अशिलाचा विश्वास

दुकानदार आपल्या मालाची जाहिरात करतो. वकिलाला मात्र तशी मुभा नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांनुसार जाहिरात देऊन किंवा दलालामार्फत अशील मिळवणे निषिद्ध आहे. संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण अशी मोजकी माहिती देण्याची सवलत २००८ साली मिळाली, एवढेच.

ज्याच्या घराण्यात वकिली नाही, त्या नवोदितावर हा अन्याय आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. तरीही हा नियम मला योग्य वाटतो. कापड चाचपून घेता येते. वकिलाचे कौशल्य आधी पारखता येत नाही, आणि संकटात सापडलेला माणूस मोठ्या शब्दांना सहज भुलतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी धनिक अशील नव्हते. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील खटला त्यांनी जिंकला आणि त्यांचा लौकिक वाढला.

सर्वांनाच असे खटले लाभत नाहीत. परंतु दाव्यात दम नसेल, तर तसे स्पष्ट सांगणे प्रत्येकाच्या हाती असते. असा वकील आज शुल्क गमावतो. पण तोच अशील उद्या आपल्या शेजाऱ्याला त्याच्याकडे घेऊन येतो.