विश्लेषण : चपट्या कृमींना स्वतःची चरबी का बनवता येत नाही? या दुबळेपणाचा फायदा आपण कधी घेणार?

कोबीतला किडा मेंदूत जातो, अशी भीती घालणारे संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतात. खरा दोष कोबीचा नसतो. माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात आणि तिथून भाजीवर पोहोचलेल्या पट्टकृमीच्या अंड्यांचा तो प्रताप असतो. ही अंडी पोटात गेली की अळ्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतात आणि रुग्णाला फिट येऊ लागतात. त्यामुळे मांस न खाणाराही यातून सुटत नाही. या कृमींविरुद्धची आपली औषधे मोजकी आणि जुनी आहेत. नव्या औषधाची वाट कदाचित त्यांच्या एका जन्मजात उणिवेतून जाते. ती उणीव म्हणजे चरबी.

नेमकी उणीव काय?

पट्टकृमी, जनावरांच्या यकृतातील लिव्हरफ्लूक आणि रक्तवाहिन्यांत राहणारा शिस्टोसोमा हे सारे चपटे कृमी. पेशींची आवरणे बांधायला मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल लागते. माणसाचे शरीर ते साखरेपासून तयार करू शकते, चपट्या कृमींना ते जमत नाही. मेदाम्ल घडवणारे मुख्य विकर तयार करण्याची जनुकीय कृतीच त्यांच्याकडे नाही. आयते मिळालेल्या मेदाम्लाची साखळी ते थोडीफार लांबवू शकतात, पण सुरुवातीपासून घडवू शकत नाहीत.

आयते खायची सवय लागली म्हणून हे कौशल्य गेले, असा समज बरीच वर्षे होता. मात्र गोड्या पाण्यात स्वतंत्रपणे जगणाऱ्या प्लॅनेरियालाही ते जमत नाही, हे १९७० मध्येच प्रयोगातून दिसले होते. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला. म्हणजे ही उणीव परजीवीपणाच्याही आधीची आहे. चरबीसाठी मुळातच दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या या कुळातील काहींना पुढे यजमानाच्या शरीरात कायमचे कोठार सापडले.

मेदाम्ले आत शिरतात कशी?

पट्टकृमीला तोंड नाही, आतडे नाही. त्याची त्वचा हेच त्याचे पोट. या जिवंत त्वचेवर केसांहून कितीतरी बारीक असे असंख्य उंचवटे असतात. त्यामुळे पृष्ठभाग वाढतो आणि यजमानाच्या आतड्यातले अन्न थेट शोषले जाते. शिस्टोसोमाला तोंड व आतडे आहे, तरीही त्याची त्वचा रक्तातली मेदाम्ले घेत असते. आपल्या रक्तात चरबी वाहून नेणारे कण फिरत असतात. ते या कृमीच्या पृष्ठभागावर चिकटतात, असेही आढळले आहे.

आतली वाहतूक कोण करते?

मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही आणि पेशीचे अंतरंग तर पाणीदार. तेलाचा थेंब पाण्यातून न्यायचा तर डबा हवा. हे काम मेदाम्ल-बंधक प्रथिने करतात. सुमारे १३० अमिनो आम्लांचे हे छोटे प्रथिन पिंपासारखे असते. पोकळीत मेदाम्ल बसते, वर झाकण असते. शिस्टोसोमात अशा प्रथिनाला ‘एसएम-१४’ म्हणतात. लिव्हरफ्लूक आणि हायडॅटिड गाठी करणारा इकायनोकॉकस यांच्याकडेही त्याची भावंडे आहेत.

पट्टकृमींकडे आणखी एक वाहक आहे. हायडॅटिड गाठीतल्या पाण्यात विपुल सापडणारे ‘अँटिजेन बी’ या नावाचे प्रथिन चरबीचे रेणू धरून ठेवते. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांवरून रोगनिदानही केले जाते. माणसात असे प्रथिन नाही. औषध शोधणाऱ्यांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण मेदाम्ल-बंधक प्रथिनांचे कूळ आपल्याही शरीरात आहे. कृमीच्या डब्यावर घातलेला घाव आपल्या डब्यावर पडू नये, ही खरी कसोटी.

चरबी अडवली तर काय होईल?

शिस्टोसोमाची एक मादी दिवसाला शेकडो अंडी घालते. यकृतात किंवा मूत्राशयात अडकलेली ही अंडीच आजार घडवतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, की अंडी घालण्यासाठी मादी मेदाम्ले जाळून ऊर्जा मिळवते आणि ही प्रक्रिया रोखली की अंडी घालणे थंडावते. म्हणजे कृमी मेला नाही तरी आजार आणि प्रसार दोन्ही रोखता येतील.

ब्राझीलच्या ओस्वाल्डो क्रूझ संस्थेत मिरियम टेंडलर यांच्या गटाने ‘एसएम-१४’ प्रथिनापासूनच लस तयार केली. तिच्या मानवी चाचण्या ब्राझील आणि सेनेगलमध्ये झाल्या. ती सुरक्षित आहे आणि प्रतिकारशक्ती जागवते, असे दिसले. संसर्गापासून प्रत्यक्ष किती संरक्षण मिळते, हे मोठ्या चाचण्यांतून ठरायचे आहे. एका प्रथिनाच्या अभ्यासातून लसीपर्यंत यायला दशके लागली, हेही लक्षात ठेवायला हवे.

आहेत ती औषधे पुरेशी नाहीत का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना शिस्टोसोमियासिसवरील प्रतिबंधक औषधाची गरज होती. सारी भिस्त प्राझिक्वांटेल या एका औषधावर आहे. ते कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही आणि पुन्हा होणारा संसर्गही रोखत नाही. लिव्हरफ्लूकवरील ट्रायक्लाबेंडाझोलला न जुमानणारे कृमी ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच नोंदले गेले. एकाच औषधावर विसंबण्याचा परिणाम काय होतो, हे त्यावरून कळावे.

महाराष्ट्राचा संबंध काय?

रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण १९५२ मध्ये नोंदले गेले. हा आजार भारतात नाही असे मानणाऱ्यांना तो धक्का होता. गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या लिव्हरफ्लूकने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या खंगतात, दूध घटते. ते नुकसान पशुपालकाच्या खिशातून जाते. पट्टकृमीचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे मेंदूतील या अळ्या असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुख्यतः गोल जंत आणि अंकुशकृमींसाठी आहे. ती उपयुक्तच आहे. पण ती दिली म्हणजे कृमींचा प्रश्न मिटला, ही समजूत चुकीची आहे.

मग करायचे काय?

कृमीच्या पोटातली चरबी मोजून देशाचा काय फायदा, असा प्रश्न संशोधनाला पैसा देताना विचारला जातो. उत्तर सरळ आहे. हे रोग गरिबांचे आणि जनावरांचे आहेत, त्यामुळे मोठ्या औषध कंपन्यांना यात नफा दिसत नाही. सरकारने हात आखडला तर हे काम कोणीच करणार नाही. हायडॅटिडचा त्रास मेंढपाळांना होतो म्हणून उरुग्वे आणि अर्जेंटिनाच्या प्रयोगशाळांनी या प्रथिनांचा चिकाटीने अभ्यास केला. आपल्याकडे पशुधन मोठे आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, कत्तलखान्यांतून नमुनेही मिळू शकतात. वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय संशोधकांना एकत्र बसवणारा, पाच-दहा वर्षे टिकणारा निधी तेवढा हवा.

मात्र नवे औषध येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. वापरात असलेली शौचालये, डुकरांचा मोकाट वावर रोखणे, कत्तलीनंतरचे गाठी असलेले अवयव कुत्र्यांना न टाकणे, भाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात धुणे, ही कामे प्रयोगशाळेविना होतात. चरबीसाठी कृमी आपल्यावर अवलंबून आहे. त्याला आपल्यापर्यंत पोहोचवणारी वाट मात्र आपणच मोकळी ठेवली आहे.