तुम्हीच आकडा सांगा!

रविवारची दुपार. स्थळ : चांदे, तालुका मुळशी. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, ४१० स्क्वेअर फूट कार्पेट. बाल्कनीतून शिल्लक राहिलेलं भाताचं एक खाचर दिसतं आणि त्याच्या मागे दोन क्रेन. चहा झाला, बिस्किटं झाली, ‘तुमचं मूळ गाव कुठलं’ हेही झालं. मग फ्लॅटचे मालक काका खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “मी अडतीस म्हटलंय. आता तुम्हीच आकडा सांगा.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताच्या पंख्याकडे पाहिलं. तुळशीबागेत दोनशेच्या पर्सला ‘ऐंशी’ म्हणताना जीभ जराही न अडखळणारी मी, लाखांचा प्रश्न आल्यावर एकदम मुकी! अडतीसला छत्तीस म्हटलं तर आपण बावळट. तीस म्हटलं तर काका दार दाखवतील. शेवटी “घरी बोलून सांगतो” असं पुटपुटून आम्ही बाइकवर बसलो. घरी म्हणजे कोणाशी बोलणार होतो, तर एकमेकांशीच.

त्या आठवड्यात आम्ही जे शिकलो, ते या वेळी तुमच्यासाठी. कारण आपल्यापैकी बहुतेकांना पगाराचं निगोशिएशन येतं, घराचं नाही.

खरं तर पहिला धडा चांद्यात नाही, निगडी प्राधिकरणात मिळाला होता. तिथे एक जुना, छोटा, पण हवेशीर फ्लॅट आम्ही बघून आलो होतो. झाडं, रुंद रस्ते, कोपऱ्यावर मिसळ. मी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. मग एजंटदादांनी हळूच सांगितलं, “लीजहोल्ड आहे हं. पण त्याचं काही नसतं.”

त्याचं बरंच काही असतं! पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं आणि त्याने भूखंड दिले ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. म्हणजे भिंती तुमच्या, पण खालची जमीन मुदतीपुरती. म्हणून पहिला प्रश्न : किती वर्षं उरलीत? समजा प्लॉट १९८५ साली दिला असेल, तर मुदत २०८४ ला संपते. आपलं वीस वर्षांचं कर्ज त्यात आरामात बसतं. पण वीस वर्षांनी आपण विकायला काढू, तेव्हा पुढचा ग्राहक त्याच्या कर्जाची वर्षं मोजणारच ना?

दुसरा प्रश्न : हस्तांतराची परवानगी कोण देणार आणि त्याचं शुल्क कोण भरणार? २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं. कारभाराचा काही भाग पीएमआरडीएकडे गेला आणि काही पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे. त्यामुळे आपल्या प्लॉटची फाइल नेमकी कुठल्या टेबलावर आहे, हे आधी शोधायचं. आम्ही ते शोधत बसलो, तोवर फ्लॅट दुसऱ्या कोणी तरी घेतला. पडदे मनातल्या मनातच राहिले.

पण एक पद्धत हाती लागली. लीजच्या घराची ऑफर ठरवताना शेजारच्या तशाच मालकी हक्काच्या घराचा भाव घ्यायचा आणि त्यातून एकेक गोष्ट वजा करत जायचं. हस्तांतर शुल्क वजा. परवानगीला लागणाऱ्या महिन्यांचं घरभाडं वजा. आणि पुढे विकताना ‘लीज’ हा शब्द ऐकून जे गिऱ्हाईक पळेल, त्याबद्दल थोडं वजा. उरेल तो आपला आकडा. ‘मागितलं त्याच्या दहा टक्के कमी’ हा आकडा नव्हे, तो अंदाजपंचे!

“चांद्यात तर लीजचा प्रश्नच नाही,” नवरा खुशीत म्हणाला. मी म्हटलं, थांब. तिथे तरी जमीन कोणाच्या नावावर आहे?

मंडळी, हा प्रश्न विचाराच. फ्लॅट आपल्या नावावर झाला म्हणजे जमीन सोसायटीची झाली असं नाही. त्यासाठी कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण, व्हावं लागतं. अनेक ठिकाणी लोक वर्षानुवर्षं राहतात आणि जमीन मात्र अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते. २००८ साली मोफा कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून सोसायटी ‘मानीव अभिहस्तांतरण’ मागू शकते, पण तो कागदांचा, वकिलाचा आणि वेळेचा खर्च असतो. प्राधिकरणातलं लीज निदान तोंडावर सांगतं, जमीन तुझी नाही. इथे कोणी सांगतच नाही. काकांच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नव्हतं. वहीत पहिली वजाबाकी झाली.

दुसरी वजाबाकी पाण्याची. २०२१ मध्ये सूस आणि महाळुंगे पुणे महापालिकेत गेली. नांदे-चांदे तेव्हा हद्दीबाहेरच राहिली. मेंटेनन्सच्या पावत्या मागून बघितल्या, तर उन्हाळ्यातल्या महिन्यांत टँकरचा आकडा ठळक होता.

मग सगळ्यात उपयोगी गोष्ट : इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर दस्त फुकट शोधता येतात. वर्ष, तालुका, गाव आणि गट नंबर टाकायचा, की त्या जागेवर नोंदवलेले व्यवहार समोर येतात. क्षेत्रफळ किती, मोबदला किती, सरकारी बाजारमूल्य किती, सगळं! रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं लॅपटॉपला चिकटलेलो, जणू वेबसीरिजच चालू आहे. आमच्याच बिल्डिंगमधले तेवढेच दोन फ्लॅट वर्षभरात विकले गेले होते, एक ३४ लाख २० हजारांना, दुसरा ३५ ला. काकांचे अडतीस कुठून आले, ते काकांनाच ठाऊक. फक्त एक काळजी घ्या. त्या किमतीत पार्किंग धरलंय का आणि व्यवहार किती जुना आहे, हे बघा. नोंदवलेला आकडा हा पुरावा असतो, ब्रह्मवाक्य नाही.

एजंटदादांचं म्हणणं, “मॅडम, माण पलीकडेच आहे, हिंजवडीची मेट्रो त्या बाजूला, भाव बघा कुठे जातात ते!” हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन झालं २०१८ साली. तेव्हापासून त्या परिसरातल्या प्रत्येक फ्लॅटच्या किमतीत ती धावतेच आहे. उद्याच्या सोयीचे पैसे आज किती द्यायचे, ते आपण ठरवायचं. स्टेशनवरून चांद्यात यायला रिक्षा मिळेल का, एवढंच मी विचारलं. दादांनी विषय बदलला.

आता दुसरी बाजू, आपला खिसा. आणि खरी वाटाघाट इथे झाली, काकांशी नव्हे, आमच्या दोघांत.

आमची एकूण बचत दहा लाख. कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर, कारण माझी फ्रीलान्सची कमाई बँकेला फारशी पटत नाही. आम्ही कमाल ३० लाख ठरवलं. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता होतो २६ हजारांच्या थोडा वर. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकतात, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. पण ती किंमत बँकेचा व्हॅल्युअर ठरवतो, काका नाही. आणि स्टॅम्प ड्यूटी-नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत. तो आपल्याच खिशातून!

नवरा म्हणाला, दहाच्या दहा लाख लावू. मी म्हटलं, दीड लाखाला हात लावायचा नाही. “कशाला पडून ठेवायचे?” कारण मार्चमध्ये लिहिलेल्या लेखाचा चेक मला जुलैत मिळतो, राजा! त्या दीड लाखावरून आमचं असं वाजलं की दोन दिवस टिफिनही वेगवेगळे. शेवटी तो म्हणाला, “तुला माझी नोकरी जाईल असं वाटतं का?” मी खरं ते सांगितलं. हो, कधी कधी वाटतं. त्यालाही वाटत होतं, फक्त तो बोलत नव्हता. दीड लाख बाजूला राहिले.

मग उरले साडेआठ लाख. त्यात बसवून पाहिलं. घर साडेपस्तीसला घेतलं, तर आपले साडेपाच लाख. स्टॅम्प ड्यूटी हिशेबाला ६ टक्के धरली, म्हणजे २ लाख १३ हजार (हद्दीप्रमाणे दर बदलतो, तुम्ही तुमचा तपासा). नोंदणी ३० हजार, त्याहून जास्त लागत नाही. एजंटचा एक टक्का म्हणजे ३५ हजार ५००. बँकेचं आणि वकिलाचं मिळून वीसेक हजार. झाले साडेआठ, जेमतेम! म्हणजे आमची लक्ष्मणरेषा साडेपस्तीस. ती काकांच्या मागणीवरून आली नव्हती, आमच्या पासबुकातून आली होती.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात २०२१ पासून स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट मिळते. म्हणजे पस्तीसेक हजार वाचत होते. सासूबाई फोनवर हे ऐकून क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “तुमचं तुम्ही ठरवा.” आम्ही दोघांची नावं ठरवली. पस्तीस हजारांसाठी नवऱ्याला भाडेकरू कशाला करायचा?

विजेच्या बिलामागे तीन आकडे लिहिले. सुरुवात साडेतेहतीस, योग्य वाटणारा साडेचौतीस आणि शेवटचा साडेपस्तीस. शेवटच्याच्या पुढे कोणी जायचं नाही, अगदी काकूंनी पुरणपोळी वाढली तरी! आणि ‘एका लाखाने काय होतंय’ असं वाटलं, तर त्याखाली हेही लिहून ठेवलं : एक लाख म्हणजे महिन्याला ८६८ रुपये, २४० महिने, एकूण २ लाख ८ हजार.

पुढच्या रविवारी मी आकडा बोलले. “काका, साडेतेहतीस.” आवाज थोडा कापला. काकांच्या भुवया वर गेल्या. मी कागद पुढे केला : शेजारचे दोन व्यवहार, कन्व्हेयन्स बाकी, टँकर. ते चष्मा लावून वाचत राहिले. मग म्हणाले, “यात तुमची चूक नाही. पण मी रंग नवीन दिलाय आणि ट्रॉल्या माझ्या आहेत.” तेही खरंच होतं. तासाभराने सव्वापस्तीसवर थांबलो. ट्रॉल्या तिथेच राहणार आणि सोसायटीचं हस्तांतर शुल्क काका भरणार. वकिलाने कागद बघितल्याशिवाय टोकन नाही, तेही चेकनेच, यावर काकाच म्हणाले, “मीही असंच केलं असतं.”

लक्ष्मणरेषेच्या आत पंचवीस हजार उरले. नवऱ्याला त्यात टीव्ही दिसतोय. मला मे महिन्यातले टँकर दिसतायत. या आकड्यावर अजून एकमत व्हायचंय!