कच्चा कोण?

मूल शाळेत आले की आधी त्याला तोलायचे, मग त्याच्या पाठीवर ‘कच्चा’ असा शिक्का मारायचा आणि पुढे वर्षभर त्या शिक्क्यावर इलाज करीत बसायचे, हा आमच्या संस्थाचालकांचा जुना छंद आहे. अलीकडे त्याला शास्त्राचे उपरणे मिळाले आहे. हे उपरणे अमेरिकेचे. तेथे २००४ साली अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मूल शिकविण्याला कसा प्रतिसाद देते हे पाहून त्याची अडचण ठरविण्याची मुभा मिळाली. त्यातून तीन पायऱ्यांची शिडी सर्वत्र रूढ झाली. पहिल्या पायरीवर सगळा वर्ग. जो मागे पडेल त्याला दुसऱ्या पायरीवर चारसहा जणांत बसवून जादा शिकवणी. तेवढ्याने भागले नाही तर तिसऱ्या पायरीवर जवळजवळ एकट्याला. (शिडी मोठी मौजेची. मूल जितके वर चढेल तितके ते खालचे समजले जाते!) आता शिडी वाईट असे आमचे म्हणणे नाही. ती कोणत्या भिंतीला टेकवली आहे, एवढेच आम्ही विचारतो.

ज्याच्या घरी इंग्रजी शब्द फक्त डब्या-बाटल्यांवर दिसतो, त्याला इंग्रजी येत नाही हा काही रोग नव्हे. पण शिडीवर चढविताना हे कोण पाहतो? खुद्द अमेरिकेने ही चूक करून झालेली आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजी प्रश्नांनी मोजली जाई आणि त्यांना मंदबुद्धीच्या वर्गात बसवीत. नऊ मुलांच्या वतीने फिर्याद झाली. त्यांच्याच भाषेत पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा त्यांतली बहुतेक मुले मंदबुद्धी नव्हतीच, असे निघाले! १९७० साली तडजोड झाली आणि मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतही घ्यावी असे ठरले. पुढे १९७४ साली सान फ्रान्सिस्कोतील चिनी मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सुमारे १८०० मुलांना इंग्रजी कळत नव्हते आणि त्यांना कसलीही खास मदत मिळत नव्हती. शाळा म्हणत होती, सर्वांना सारखीच पुस्तके, सारखेच मास्तर, मग अन्याय कोठे? न्यायालयाने हा बचाव फेटाळला. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यापुढे तेच पुस्तक ठेवणे ही समता नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. आमच्या नक्कलकारांनी शिडी तेवढी उचलली, हे खटले तिकडेच ठेवले.

आता इकडे पाहू. बाळासाहेब खेरांच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होते; २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. पाठोपाठ सेमी-इंग्रजीचे पेव फुटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब व वंचित घरांतील मुलांसाठी राखून ठेवल्या, आणि मोलकरणीचे, रिक्षावाल्याचे मूल इंग्रजी शाळेच्या बाकावर येऊन बसले. चांगलेच झाले. पण बसल्यावर त्याचे काय होते?

आमच्याच तालुक्यातील एका सेमी-इंग्रजी शाळेतली तिसरीतली मुलगी सांगतो. बाप भाजी विकतो. बाजाराच्या दिवशी ही पोर तागडीशेजारी बसते आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी करते. गिऱ्हाइकाची बिशाद नाही तिला फसवायची. परीक्षेत प्रश्न आला : ‘सबट्रॅक्ट थर्टी-सेव्हन फ्रॉम नाइन्टी.’ मराठीत आपण ‘नव्वदातून सदतीस वजा कर’ म्हणतो. नव्वद आधी येतो. इंग्रजीत सदतीस आधी. पोरीने ऐकल्या क्रमाने मांडले, सदतीसातून नव्वद. मग बाईंना म्हणाली, “बाई, सदतीसातून नव्वद जातच नाहीत!” अगदी बरोबर बोलली. तिला शून्य मिळाले आणि दुसऱ्या दिवसापासून गणिताच्या जादा तासाला बसविले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तिला गणित येत होते. अडले होते ते एका ‘फ्रॉम’पाशी, आणि ते फळ्यावर समजावून द्यायला पाच मिनिटे पुरली असती.

शिवाय हा जादा तास काढतात कोठून? चित्रकलेच्या नाहीतर खेळाच्या तासातून. म्हणजे खो-खोच्या मैदानावर किंवा रंगपेटीपुढे जे मूल इतरांच्या बरोबरीचे असते, कधी सरसही असते, त्याला नेमके तेथूनच उठवायचे. वर्गातली इतर मुले दारातून बघतात. त्यांना काय कळायचे ते कळते, आणि याला त्याहून आधी कळते.

कोणी म्हणेल, मग मागे पडलेल्याला तसेच सोडायचे काय? मुळीच नाही. घोळका लहान, मास्तर जवळ, याचा फायदा होतो हे कोणताही शिक्षक सांगेल. पण शिडीच्या कर्त्यांचाच एक नियम आहे, तो सोयीस्करपणे विसरला जातो : पहिल्या पायरीवर पुष्कळ मुले घसरू लागली तर मुलांकडे नव्हे, वर्गातल्या शिकविण्याकडे पाहावे. अर्ध्या वर्गाला जादा तास लावणारी शाळा स्वतःचेच प्रगतिपुस्तक भिंतीवर टांगीत असते. आणि घाई किती! कॅनडातील जिम कमिन्स यांनी दाखविले की नव्या भाषेत बोलण्याची सफाई दोनएक वर्षांत येते, पण पुस्तक समजण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. आम्ही पहिल्या घटक चाचणीलाच निकाल देऊन मोकळे होतो. मेळघाटातील कोरकू मुलाला किंवा गडचिरोलीतील गोंडी मुलाला तर मराठीच आधी शिकावी लागते. त्याचे इंग्रजी तिसऱ्या उंबरठ्यावर उभे. त्याला कोणती पायरी?

आमचे मागणे फार नाही. ज्या विषयात मूल कच्चे म्हणता, त्या विषयात आधी त्याच्या घरच्या भाषेत विचारून पाहा. वर्गात मराठी शब्द उच्चारला म्हणून दंड घेण्याची चाल बंद करा. तोच शब्द फळ्यावर इंग्रजी शब्दाशेजारी लिहा. जादा तास घ्यायचा तर खेळाचा तास सोडून घ्या. आणि संस्थाचालकांनी एकदा जादा तासाची हजेरी स्वतः उघडून पाहावी. कोण मूल केव्हा आले हे तीत तारीखवार लिहिलेले सापडेल. कोण केव्हा परत आपल्या वर्गात गेले, याचा रकाना तीत आखलेला आहे काय, तेवढे पाहावे.